सतरात गेलेलं हेलिकॉप्टर

मिस एव्हिस हेबडिच यांनी उभ्या आयुष्यात एकाही हेलिकॉप्टरचा आराखडा काढला नाही, एकाचाही नट आवळला नाही आणि एकातही पाय ठेवला नाही. तरीसुद्धा आमच्या कारखान्यात त्यांच्याशिवाय एकही हेलिकॉप्टर जन्माला येत नसे. कुणा इंजिनिअरच्या डोक्यात नवं काही शिजायला लागलं, की त्याने चिठ्ठी घेऊन मुकाट्याने त्यांच्या टेबलापाशी यायचं. त्या हिरव्या कापडी बांधणीची वही उघडत, शेवटच्या ओळीवर बोट ठेवत आणि पुढचा नंबर सांगत. मग त्या माणसाने तो नंबर आपल्या हाताने चिठ्ठीवर लिहायचा. पी एक, पी दोन, पी तीन. पी म्हणजे प्रोजेक्ट, आणि पुढे वहीतला आकडा.

नंबर मिळाला की त्या कल्पनेला अस्तित्व आलं. पुढे तिचं काही का होईना. चौसष्ट सालापर्यंत वहीत अडतीस नंबर होते आणि त्यांतली सात हेलिकॉप्टरं प्रत्यक्षात उडाली. उरलेली एकतीस कागदावरच राहिली. मी एकदा विचारलं होतं, "जी उडणारच नाहीत त्यांना कशाला नंबर द्यायचे?"

"जन्मलेल्या मुलाचं नाव ठेवताना ते पुढे काय दिवे लावणार आहे ते विचारतात का, ऊना?" मिस हेबडिच म्हणाल्या होत्या.

मी ऊना लॉक्सटन. ट्रेसिंगच्या खोलीत होते. पुरुष मंडळी पेन्सिलीने आराखडे काढायची आणि आम्ही पोरी ते निळसर कापडावर शाईने उतरवायचो. एकदा कापडावर उतरलं की पेन्सिलीचे कागद बॉयलरमध्ये जात. मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. आई म्हणायची, ही पोरगी दुसऱ्याच्या घरातल्या पातेल्याचं झाकणही उघडून बघेल. तर अशा माझ्यासारखीला मिस हेबडिच म्हणजे रोजची मेजवानी होती.

सॉमरसेटमधलं आमचं गाव मूळचं हातमोज्यांचं. मिस हेबडिच यांची आई घरी बसून हातमोजे शिवायची, आणि टाका चुकला तर उसवायचा नाही, तो मोजाच बाजूला टाकायचा, अशी तिची शिस्त. लेकीने ती शिस्त कारखान्यात आणली. युद्धाच्या काळात टंकलेखनाला लागल्या आणि अक्षर सुबक म्हणून साहेबांनी वही हाती दिली. रविवारी त्या चर्चमधल्या आठ घंटांपैकी पाचवी वाजवत. त्यातही सगळा आकड्यांचाच खेळ असतो, कोणत्या घंटेनंतर कोणती ओढायची ते डोक्यात धरून दोर ओढायचा. तीन तास वाजवून त्या घामाघूम होत आणि सोमवारी चेहऱ्यावर एकदम टवटवी असे.

त्यांच्या वहीचे नियम तीन होते. दिलेला नंबर मागे घ्यायचा नाही. मेलेल्या प्रोजेक्टचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि काही चुकलं तर खोडरबर लावायचा नाही, चुकलेल्या आकड्याच्या पोटातून एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे काय चुकलं होतं तेही पुढच्याला दिसतं. हा तिसरा नियम हळूहळू सगळ्या कारखान्याने उचलला होता. आमच्याकडे कुणी चीजच्या सँडविचची यादी केली तरी खाडाखोड अशीच करायचे.

आता त्या वहीत एकच ओळ अर्धी होती, सतराची. प्रत्येक नंबरापुढे 'आराखडे मिळाले' असा एक रकाना असे, त्यात तारीख पडायची. सतराच्या पुढे तो रकाना कोरा होता. सतरा नंबर मिस्टर दुदेक यांचा.

काझिमिएश दुदेक पोलंडचे. युद्धात आमच्या वैमानिकांबरोबर आले आणि इथेच राहिले. समुद्रात बुडणाऱ्यांना उचलून आणणारं एक छोटं हेलिकॉप्टर त्यांच्या डोक्यात होतं. छप्पन सालच्या फेब्रुवारीत त्यांनी मिस हेबडिचकडून नंबर घेतला आणि आठ महिने खपून आराखडे काढले. पंधरा ऑक्टोबरपर्यंत ते ट्रेसिंगला द्यायचे होते. तेरा तारखेला मिस्टर दुदेक रक्त ओकले आणि त्यांना क्षयाच्या दवाखान्यात हलवलं. डिसेंबरात आरमाराचे लोक आराखडे बघायला आले, तर सतराच्या खणात एक कपटा नाही. सोळाचा खण बघितला, अठराचा बघितला, आकडे उलटे पडले असतील म्हणून कुणी तरी शहाण्याने अजून न वापरलेल्या एकाहत्तरचा खणही उघडून बघितला. काही नाही.

मे महिन्यात मिस्टर दुदेक बरे होऊन आले. म्हणाले, "मी बारा तारखेला दिले. एक्केचाळीस पानं." ट्रेसिंगच्या आमच्या मुख्य बाई तोवर लग्न करून कॅनडाला गेलेल्या, आणि आम्हा पोरींच्या हातून इतकी पानं जायची की कुणाचं कुठलं ते लक्षात राहत नसे, तेव्हा साक्षीला कुणी नाही. तेव्हाचे मुख्य साहेब भर खोलीत म्हणाले, "आजारी माणसाला मी समजून घेतो, दुदेक. खोटं बोलणाऱ्याला नाही." वरची जागा रिकामी होती, ती दुसऱ्याला गेली. मिस्टर दुदेक खाली बसले आणि पेन्सिलीला टोक करू लागले.

त्यानंतर ऑफिसात एक बोली रुजली. काही सापडेनासं झालं की म्हणायचं, 'सतरात गेलं.' पट्टी सतरात गेली, चहाचा कप सतरात गेला. ही बोली सुरू कुणी केली ते सांगायला मला आज लाज वाटते. माझी छत्री हरवली होती आणि मला वाटलं होतं, आपण फार मोठा विनोद केला.

मिस हेबडिच मात्र ती बोली कधी बोलल्या नाहीत. दर शुक्रवारी मिस्टर दुदेक त्यांच्या टेबलावर खसखशीच्या केकचा तुकडा ठेवून जात. त्यावरून आमच्या खोलीत काय काय शिजायचं! शेवटी मला राहवेना. एके दिवशी विचारलंच, "मिस हेबडिच, तुमचं मिस्टर दुदेकवर प्रेम आहे का हो?"

दुसरी कुणी असती तर मुस्कटात मारली असती. त्यांनी शाईची बाटली बंद केली. म्हणाल्या, "मी त्यांना नंबर दिलाय, ऊना. आणि ते म्हणतात पानं दिली. माझ्या वहीत दोन्ही गोष्टी बसतात."

चौसष्ट साली चार कारखाने एकत्र झाले आणि आमच्या डोक्यावर पार्जिटर नावाचे नवे साहेब आले. पँटची इस्त्री अशी की हात लावला तर कापेल. त्यांना सगळ्या कारखान्यांची मिळून एक स्वच्छ यादी हवी होती.

"मिस हेबडिच," ते वही चाळत म्हणाले, "अडतीसपैकी एकतीस उडालीच नाहीत. ही वही आहे की कबरस्तान?"

"कबरस्तानातसुद्धा एकाच्या दगडावर दुसऱ्याचं नाव घालत नाहीत, मिस्टर पार्जिटर."

आम्ही पोरी दाराआड तोंडाला रुमाल लावून उभ्या होतो. पार्जिटरही हसले, पण ऐकणारे नव्हते. "आराखडे आहेत तोवर नंबर राहू द्या. पण या सतराचं एक पानही नाही. शुक्रवारी माझा नवा प्रोजेक्ट येतोय, त्याला सतरा द्या. जुन्यावर रेघ मारा."

"माणूस अजून इथे कामाला आहे."

"महिनाअखेर निवृत्त होतोय. त्याला काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! आठ वर्षं ज्याला लबाड म्हटलं, त्याच्या बाजूने बोलणारी सगळ्या कारखान्यात ती एकच ओळ होती. शुक्रवारी तीही जाणार होती. आणि पेन्शन घेऊन हा माणूस भाड्याच्या खोलीत बसणार, मागे फक्त साहेबांचे ते शब्द ठेवून.

बुधवारी दुपारी मी मिस हेबडिचच्या खोलीत डोकावले. त्या जुन्या चिठ्ठ्यांचे खोके उपसत होत्या. सँडविच तसंच पडलेलं. मला बघून म्हणाल्या, "ये. आलीच आहेस तर कामाला लाग. छप्पनचा फेब्रुवारी शोध. निदान नंबर मागितला होता एवढं तरी त्या पार्जिटरना दाखवते."

"पण मिस हेबडिच, खरं सांगा, तुम्ही तरी ती पानं पाहिली होती का?"

"नाही."

"मग एवढा विश्वास कशावर?"

"आठ वर्षांत त्यांनी आपली गोष्ट एका पानाने वाढवली नाही. एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस. लबाड माणसाचा आकडा फुगत जातो."

चिठ्ठी मलाच सापडली. पिवळी पडलेली, टोकदार तिरप्या अक्षरातली. "ही बघा, दुदेकांची. पण ही सतराची नाही."

"वाच."

"पी सात. दोनदा सात लिहिलेत आणि मग दुसरा खोडलाय. तुमच्याच पद्धतीने, पोटातून रेघ मारून."

मिस हेबडिच खोके उपसता उपसता थांबल्या. "काय म्हणालीस?"

"पी सात."

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला. "सतराच लिहिलंय की. माझ्यासमोर लिहिलंय त्यांनी. मी सतरा सांगितलं आणि..." त्यांनी कधी तो आकडा वाचलाच नव्हता. त्यांना तो माहीतच होता.

कोरा कागद ओढून त्या म्हणाल्या, "बघ. त्यांच्याकडे एक लिहिताना आधी खालून वर लांब तिरकी रेघ घेतात, मग सरळ खाली. आपल्याला तो सात वाटतो. म्हणून खऱ्या सातच्या पोटात ते आडवी रेघ मारतात, गोंधळ नको म्हणून. नंतर साहेबांनी त्यांना आपल्यासारखे आकडे काढायला लावले. पण छप्पनमध्ये ते असेच लिहायचे." कागदावर एक खोटा सात आणि एक खोडलेला सात शेजारी शेजारी उभे होते. सतरा.

"म्हणजे कुणी तरी त्या पानांवर पी सात घातलं," मी उत्साहाने म्हटलं. मला तर गूढ उकलल्याचा आनंद झाला होता. "कोण असेल हो ती बावळट?"

मिस हेबडिचनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तू कामाला कधी लागलीस, ऊना?"

"छप्पनच्या ऑक्टोबरात."

"नव्या मुलींना पहिलं काम काय देतात?"

नव्या पोरींना रेघा ओढू देत नाहीत. कापडाच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट भरायला देतात. प्रोजेक्टचा नंबर, पानाचा नंबर, तारीख. मी अठरा वर्षांची होते, आणि माझे आकडे सुरेख म्हणून पहिल्याच महिन्यात सगळ्या खोलीत माझं कौतुक झालं होतं.

सातवा प्रोजेक्ट एकोणपन्नास सालचा, कधीच मेलेला. त्याचे खण जिन्याखालच्या कोठीत होते. कोठी सांभाळायचे म्हातारे पर्सी गिलार्ड. आम्ही दोघी धावत येताना बघून म्हणाले, "आग लागली का काय, बायांनो?"

"पर्सी, पी सातचा खण."

"त्याला कोण कुत्रं विचारत न्हाई. छप्पनमधी एकदा गठ्ठा आला व्हता, त्यो टाकला वरनं, तवापासनं उघडला बी न्हाई."

"कसला गठ्ठा ते बघितलं नाहीत का?"

"पोरी, मी नंबर वाचतो. चित्रं बघत बसलो असतो तर इंजिनिअर झालो असतो."

खण गच्च बसला होता. पर्सींनी पायाने दणका दिला तेव्हा उघडला. वरच निळसर कापडांची गुंडाळी. मिस हेबडिचनी ती जमिनीवर सोडली आणि गुडघे टेकून पानं मोजली. मी मोजली नाहीत. मला किती आहेत ते माहीत होतं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात काढलं: के. डी., बारा ऑक्टोबर छप्पन. अक्षरं: यू. एल., म्हणजे ऊना लॉक्सटन, चौदा नोव्हेंबर. आणि पी सात, पी सात, पी सात. किती घोटीव सात! एकाचीही शाई पसरली नव्हती.

"एक्केचाळीस," मिस हेबडिच म्हणाल्या.

मला रडू फुटलं. "तुम्ही सांगा ना त्यांना. मला नाही जमणार."

"अक्षर तुझं आहे, ऊना." एवढंच बोलून त्यांनी माझ्या हातात रुमाल दिला.

मिस्टर दुदेक आपल्या टेबलाशी दुपारचं आटोपून डब्याचं झाकण लावत होते. मी गठ्ठा पुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. एक, सात, खोडलेला सात, मी, माझी चौकट, जिन्याखालची कोठी. सगळी खोली पेन्सिली खाली ठेवून ऐकत होती. मिस्टर दुदेकनी वरचं कापड उलगडलं. मग दुसरं. तिसऱ्याशी थांबले.

"शेपटी फार लांब," ते म्हणाले. "तेव्हा मला कळलं नव्हतं. वाऱ्यात डुगडुगली असती." आणखी पाच-सहा पानं उलटली. "बाकी वाईट नव्हतं." मग कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे आकडे तुझे?"

"हो."

"सुरेख आहेत. सात तर फारच."

"माझ्यामुळे तुमची आठ वर्षं... आणि ते 'सतरात गेलं' म्हणायलाही मीच सुरुवात केली होती."

"माहीत आहे. तुझी छत्री." त्यांनी डब्याचं झाकण उगीचच पुन्हा दाबलं. "माझा चष्मा हरवला तेव्हा मीसुद्धा म्हटलं होतं. सोयीचं आहे बोलायला."

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

शुक्रवारी सकाळी पार्जिटर मिस हेबडिचच्या खोलीत आले तेव्हा टेबलावर एक्केचाळीस कापडं, शाई आणि मी, असा सगळा सरंजाम होता. मिस्टर दुदेक दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. पार्जिटरनी पानं चाळली. माणूस कामात पक्का होता, चांगलं काय ते त्याला कळायचं. "आठ वर्षांपूर्वी हे बांधायला हवं होतं," ते म्हणाले. "आता दुसऱ्यांनी याहून हलकी बनवलीत. हे कुणी बांधणार नाही, मिस्टर दुदेक."

"ठाऊक आहे," मिस्टर दुदेक म्हणाले.

"बांधू नका," मिस हेबडिच म्हणाल्या. "तुमचा प्रोजेक्ट एकोणचाळीस. इथे चिठ्ठीवर लिहा."

पार्जिटरनी त्यांच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि मुकाट्याने एकोणचाळीस लिहिलं.

मग माझं काम सुरू झालं. खोडायचं काहीच नव्हतं, प्रत्येक सातच्या आधी फक्त एक काढायचा होता. मला वाटलं, आपण काही तरी छान करावं. म्हटलं, "एक मी मिस्टर दुदेकांच्या पद्धतीने काढू का? तिरकी रेघ घेऊन?"

"आणि उद्या नवी पोरगी येऊन सत्याहत्तर वाचेल?" मिस हेबडिच कडाडल्या.

मिस्टर दुदेक इतके हसले की त्यांना खोकला आला आणि पार्जिटरांना त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. मी एक्केचाळीस साधे, सरळ, इंग्रजी एक काढले. तेवढी सावध मी आयुष्यात कधी नव्हते.

शेवटचं कापड वाळलं तेव्हा मिस हेबडिचनी हिरवी वही उघडली. सतराची ओळ, 'आराखडे मिळाले'चा तो कोरा रकाना. त्यांनी टाक बुडवला.

"आजची तारीख घाला," पार्जिटर म्हणाले.

"आज सापडले," मिस हेबडिच म्हणाल्या. "मिळाले तेव्हाच." आणि त्यांनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: एक्केचाळीस पानं, बारा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन. टिपकागद दाबला आणि वही दाराच्या दिशेने फिरवली.

मिस्टर दुदेक पुढे आले. टोपी टेबलावर ठेवली, खिशातून चष्मा काढून लावला. ओळीवरून बोट फिरवत तारखेपर्यंत आले आणि तिथेच ठेवून राहिले.

"पंधरापर्यंत द्यायचे होते," ते म्हणाले.

"हो," मिस हेबडिच म्हणाल्या. "तीन दिवस आधी दिलेत तुम्ही."

मिस्टर दुदेकनी बसायला काही आहे का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मिस हेबडिच उठल्या आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्या खुर्चीत बसलेलं दुसरं कुणी मी कधी पाहिलं नव्हतं.

"तीन दिवस आधी," मिस्टर दुदेक आमच्या भाषेत म्हणाले, आणि मग मान खाली घालून पुन्हा एकदा, आपल्या भाषेत.